हुरड्याच्या नावाखाली

गोपाळराव भाषणाला उभे राहिले की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला माझ्यावर यायचे. "माझ्या स्वतःच्या घरात एक बौद्ध भगिनी आपल्या वृद्ध आईसह राहते," असं म्हणून ते जरा थांबत. लोक टाळ्या वाजवत. घरात म्हणजे मागच्या आवारातल्या दोन पत्र्याच्या खोल्यांत, जिथं आधी त्यांची म्हैस बांधलेली असायची. म्हैस मेली, मग खोल्यांना चुना लावून त्यांनी समाजसुधारणा केली. मी दवाखान्यात नर्स होते. गोपाळरावांना आणि त्यांच्या बायकोला, सिंधूताईंना, ताकदीची इंजेक्शनं मीच द्यायची, तीही फुकट, आणि ती ओट्यावर बसून. ओट्याच्या आत मी कधी गेले नाही. तसं कोणी सांगितलेलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती.

राहायला आलो त्या दिवशी सिंधूताईंनी एकच गोष्ट सांगितली होती. "आमच्याकडे तसलं काही चालत नाही हं, प्रेमलता. अंडंसुद्धा नाही." मी बरं म्हटलं. नागपूरच्या धंतोलीत माझं गजभिये आडनाव ऐकल्यावर ज्यांची खोली नेमकी कालच दुसऱ्याला दिलेली असायची, अशा घरमालकांचे उंबरे मी पुष्कळ झिजवले होते. त्यापुढे अंडं काय चीज आहे? इतकी वर्षं त्या खोल्यांत आम्ही सुकी मासळीसुद्धा भाजली नाही.

ही गोष्ट एकोणऐंशीच्या डिसेंबरातली. माझ्या मायचं, रंभाबाईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धूर आणि धूळ लागू द्यायची नाही. दुसरी जागा म्हणजे इंदोऱ्यात माझा भाऊ कवडू राहायचा ती एक खोली. तिथं पाच माणसं आणि मधोमध धुपणारी चूल. म्हणून मी ठरवलं होतं की मायचा डोळा बरा होईस्तोवर काहीही होवो, या खोल्या सोडायच्या नाहीत. माझं सगळं त्या एका डोळ्यावर येऊन थांबलं होतं.

आणि त्याच महिन्यात गोपाळरावांचा मुलगा विश्वनाथ टेक्सासहून सुट्टीवर आला.

हा विश्वनाथ लहानपणापासून आमच्या दाराकडे कधी फिरकला नव्हता. त्या दिवशी मात्र दारात आला. हातात एक अमेरिकन साबण होता. तो त्यानं मला असा दिला की जणू आम्ही आंघोळच करत नव्हतो.

"सिस्टर, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "तुमच्याकडे, म्हणजे तुमच्या लोकांत, बीफ कुठून आणतात?"

मी हातातलं ताट खाली ठेवलं. "कशाला पाहिजे?"

मग तो खुलला. टेक्सासात म्हणे ब्रिस्केट नावाचा प्रकार असतो. गाईच्या छातीचा मोठा तुकडा. जमिनीत खड्डा करून, फळझाडाचं लाकूड पेटवून, दिवसभर मंद धुरावर ठेवायचा. तोंडात विरघळतो. हा दर रविवारी आपल्या अंगणात करतो आणि गोरे शेजारी बोटं चाटत जातात. इथले कॉलेजचे मित्र त्याला खुळ्यात काढत होते, म्हणून त्यांना करून दाखवायचं होतं. "तिकडे आता महागलंय हो," तो म्हणाला. "इथं तर कोणी विचारत नसेल. स्वस्तात पडेल."

म्हणजे याच्या हिशेबी मी सकाळी चहाबरोबर गाय खात असणार. त्याच्या आईनं मला अंडं उकडू दिलं नव्हतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

आतून मायनं विचारलं, "कोन आहे वं?"

"मालकाचा पोरगा," मी सांगितलं. "गाय मागून राहिला."

माय खाटेवर पडल्या पडल्या हसायला लागली. टाके ओढले जातील म्हणून मला तिला दटावावं लागलं.

तिला हसू येणं साहजिक होतं. आमच्या खेड्यात मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम आमच्याकडे होतं आणि त्याचं मांस हाच त्याचा मोबदला. उरलेल्या मांसाच्या पट्ट्या दोरीवर वाळवून चान्या करायच्या, मडक्यात भरून ठेवायच्या, पावसाळ्यात त्यावर दिवस काढायचे. छप्पन्न साली माय नागपूरला आली, दीक्षा घेतली, आणि घरी परत गेल्यावर पहिल्यांदा तिनं ते चान्यांचं भरलेलं मडकं उचलून घरामागं पुरलं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. मला चान्या फार आवडायच्या आणि मी रडले, ते मला अजून आठवतं. "रडू नको," ती म्हणाली होती. "आजपासून हे आपल्या तोंडचं नाही." त्यानंतर मोठ्या जनावराचं मांस तिनं कधी शिवलं नाही. आणि आता ज्यांची मेलेली ढोरं आम्ही ओढली, त्यांचाच पोरगा आमच्या दारात उभा राहून छातीचा तुकडा मागत होता.

मी त्याला स्पष्ट सांगितलं की मी आणत नाही, खात नाही आणि मला माहीत नाही. तो गेला. साबण परत न्यायला विसरला नाही.

दुसऱ्या दिवशी सिंधूताई आल्या. धुण्याच्या दगडापलीकडे उभ्या राहून बोलायची त्यांची पद्धत होती. "अगं, पोराची हौस आहे. परक्या देशात राहतो बिचारा. नुसतं दुकान दाखवायला तुझं काय जातं? तुझे पेशंट सगळीकडचे असतात." मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "हे म्हणत होते, जानेवारीपासून या खोल्यांचं गोदाम करावं. मीच म्हटलं, रंभाबाईंचा डोळा बरा होऊ द्या आधी."

गोड बोलून गळा कसा कापतात ते शिकायचं असेल तर सिंधूताईंकडे शिकवणी लावावी. आवाजात साखर, डोळ्यांत माया, आणि धमकी अशी सुबक की ऐकणाऱ्यानं आभार मानावेत.

"जाऊ नको वं," माय म्हणाली. "बला अंगावर येईन."

"माय, तुह्या डोळ्यासाठी जाऊन राहिली," मी म्हटलं. "नुसतं बोट दाखवतो अन् वापस येतो."

मोमिनपुऱ्यात हबीबभाईंचं दुकान होतं. त्यांची बायको बाळंतपणात माझ्या वॉर्डात होती, म्हणून ओळख. विश्वनाथ माझ्याबरोबर एका रिक्षात बसला नाही. त्यानं दुसरी सायकलरिक्षा केली, डोक्यावर माकडटोपी घातली, गळ्याला मफलर, आणि भर दुपारी काळा चष्मा. खांद्याला विमान कंपनीची निळी पिशवी. चोराला चोरी जमत नाही तेव्हा तो असा दिसतो. गल्लीतली पोरं त्याच्या मागं मागं चालायला लागली.

"आओ सिस्टर!" हबीबभाई म्हणाले. "आप और यहाँ?"

"इन साब को सीना चाहिए," मी म्हटलं. "बडे का. पूरा."

"पूरा सीना? होटल खोला है क्या?"

विश्वनाथनं चष्मा जरा खाली केला आणि चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं, "गाय का है ना?"

हबीबभाईंचा सुरा हवेतच थांबला. त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "साब, गाय का नाम मत लो. बंद है. जेल भिजवाओगे क्या? यहाँ भैंस मिलेगी."

गोपाळरावांचा मुलगा थोडा हिरमुसला. मग त्याचा चेहरा उजळला. माझ्याकडे वाकून मराठीत म्हणाला, "म्हणजे तसं पाहिलं तर पाप नाही, सिस्टर. आईला सांगता येईल." हबीबभाईंनी भाव सांगितला. सीना कोणी अख्खा घेत नाही, सख्त असतो, शिजायला वेळ लागतो, म्हणून सगळ्यांत स्वस्त. विश्वनाथनं मनात रुपयांचे डॉलर केले, "हे तर फुकटच आहे" असं पुटपुटला, आणि तरीही घासाघीस सुरू केली. डॉलरमध्ये पगार घेणारा माणूस कसायाशी आठ आण्यांवरून हुज्जत घालत होता. हबीबभाईंनी शेवटी माझ्याकडे पाहून आठ आणे सोडले.

"सिस्टर, तुमच्या पिशवीत ठेवता का?" विश्वनाथ म्हणाला.

"नाही," मी म्हटलं.

मग तो पुडका त्यानं विमानाच्या पिशवीत कोंबला. मी माझ्या रिक्षात बसले तेव्हा मागून त्याच्या रिक्षावाल्याचा आवाज ऐकू आला. "साब, आपका कुछ टपक रहा है." मी मागं वळून पाहिलं नाही.

घरी तयारी आधीच झाली होती. धोंडबा म्हणून त्यांचा माळी होता, त्यानं आमच्या खोल्यांसमोरच खड्डा खणला होता, कारण पुढच्या बाजूला गुलाब होते. इतवारीतून लोखंडी जाळी आणि पत्रा आला. संत्र्याची वाळकी लाकडं आली. प्रश्न एवढाच होता की दिवसभर धूर निघणार, तर शेजारपाजारच्यांना सांगायचं काय? गोपाळरावांना यातलं काही माहीत नव्हतं. म्हणजे ते ओट्यावर पेपर तोंडापुढे धरून बसले होते आणि जे चाललं होतं ते पेपरात छापलेलं नव्हतं. पण पेपरामागून आवाज आला, "हुरडा आहे म्हणून सांगा. थंडीचे दिवस आहेत. पारशिवनीच्या शेतावरून ज्वारी आली म्हणावं."

आयुष्यभर व्याख्यानं देऊन माणसाची अक्कल किती झिजते बघा. नागपुरात जन्म काढला, आणि थंडीत हुरड्याचं नाव काढलं की कोण कोण घरी बसून राहतं, हे या गृहस्थांना माहीत नसावं? सिंधूताईंनी भिंतीवरून शेजारणीला सांगितलं. शेजारणीनं आणखी कोणाला सांगितलं. झालं.

रविवारी पहाटेच विश्वनाथनं खड्डा पेटवला. मी खिडक्या लावल्या, फटींत ओल्या चिंध्या कोंबल्या, मायच्या तोंडावर ओलं फडकं धरलं. तरी धूर आत यायचा तो आलाच. पत्र्याच्या खोलीला फटी कमी असतात का? मी बाहेर येऊन विश्वनाथला म्हटलं, "मायचा डोळा आहे हो. खड्डा तिकडे पुढं का नाही केला?" तो लाकडं सारत म्हणाला, "सिस्टर, पेशन्स. हे लो अँड स्लो असतं." त्याला वाटलं मी विचारते आहे की शिजायला किती वेळ लागेल.

दुपारपर्यंत वास बदलला. लाकडाचा धूर होता तोवर ठीक होतं. मग चरबी वितळून निखाऱ्यावर पडायला लागली, आणि तो वास मायनं तेवीस वर्षांनी पुन्हा घेतला. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. विश्वनाथचे मित्र स्कूटरवरून आले, खड्ड्याभोवती उभे राहून एकमेकांना टाळ्या देऊ लागले.

आणि मग भैय्याजी आले. भैय्याजी म्हणजे गल्लीचे पुढारी. गणपती असो, गोरक्षणाची वर्गणी असो की कोणाच्या पोरीचं लग्न मोडायचं असो, भैय्याजींशिवाय होत नसे. ते एकटे नव्हते. बायको बरोबर होती, तिच्या हातात लसणाच्या चटणीचा वाडगा. मागं आणखी चार घरची माणसं, कोणाकडे दही, कोणाकडे गूळ, कोणी भाजलेले शेंगदाणे आणलेले.

"गोपाळराव!" भैय्याजी फाटकातूनच ओरडले. "हुरडा आहे अन् आमाले बलावनं नाही? हे काही बराबर नाही गा."

गोपाळरावांच्या हातातला पेपर खाली आला. "अजून भाजून व्हायचाय हो, भैय्याजी. ज्वारी जरा ओली निघाली. संध्याकाळी या ना."

"ओली आहे त आमी भाजतो न! तुमाले काय जमते हुरडा भाजनं, पुस्तकातल्या माणसाले." आणि भैय्याजी सरळ मागच्या अंगणात आले. विश्वनाथ आडवा झाला, "अंकल, आत्ता उघडू नका, टेंपरेचर जाईल," म्हणाला. भैय्याजींना टेंपरेचर कळलं नाही. त्यांनी पायातली चप्पल हातात घेऊन तिच्या टाचेनं पत्रा सरकवला.

आत कणसं नव्हती. जाळीवर तो काळा पडलेला मोठा तुकडा होता आणि त्याच्या कडांनी चरबी चुरचुरत होती.

"हे काय होय?" भैय्याजींची बायको म्हणाली. "सुरन होय का?"

भैय्याजींनी वास घेतला. त्यांचं तोंड हळूहळू ताणलं गेलं. मागचे मित्र स्कूटरींकडे सरकायला लागले होते. भैय्याजींनी विचारलं, "गोपाळराव, हे काय होय?"

गोपाळरावांनी माझ्या दाराकडे पाहिलं. मी दारातच उभी होते, हातात ओलं फडकं. ती नजर मी ओळखली. दवाखान्यात चूक डॉक्टरची असते आणि साहेब राउंडला येतात, तेव्हा डॉक्टर नर्सकडे असंच पाहतो.

"हे," गोपाळराव म्हणाले, "प्रेमलताबाईंचं आहे. त्यांच्याकडे काही कार्यक्रम होता म्हणे. मी जागा वापरू दिली. काय करणार, मला नाही म्हणवत नाही."

"काका!" मी ओरडले. "काय बोलून राहिले तुम्ही? विश्वनाथ, सांगा ना यांना."

विश्वनाथनं पायानं माती सारखी केली. मग म्हणाला, "ॲक्च्युअली, दुकान सिस्टरनीच दाखवलं."

एक शब्द खोटा नव्हता. इतक्या खऱ्या वाक्यानं इतकं मोठं खोटं बोलता येतं हे मला त्या दिवशी समजलं, आणि अमेरिकेत शिकायला पाठवतात ते कशासाठी तेही समजलं. अंगणातल्या माणसांना तर ते वाक्यही लागलं नसतं. त्यांनी गोपाळरावांचं पहिलं वाक्य ऐकतानाच माना डोलावल्या होत्या. इतवारीचा नवा पत्रा, संत्र्याची गाडीभर लाकडं, स्कूटरवाले मित्र, हे सगळं दोन खोल्यांतल्या नर्सनं कसं आणलं, हे एकानंही विचारलं नाही. विचारायला पाहिजे असंही कोणाला वाटलं नाही.

भिंतीला हात लावत माय बाहेर आली. हिरव्या पट्टीखालून पाणी वाहत होतं. "माह्यं नाही ते," ती म्हणाली. "मी छप्पन साली मडकं गाडलं, तवापासून शिवली नाही. तुमच्याच पोरानं आनलं. काहून खोटं बोलता, मालक?"

"म्हातारे, गप बस," भैय्याजी म्हणाले.

आणि गोपाळरावांना त्यांचा भाषणाचा आवाज सापडला. ते ओट्याच्या कडेला आले. "मी कोणावर राग धरत नाही. शेकडो वर्षांच्या सवयी एका पिढीत जात नाहीत. आपण संधी देत राहायची. पण शेजाऱ्यांच्या भावनांचाही प्रश्न आहे. प्रेमलताबाईंनी उद्या सकाळी खोल्या रिकाम्या कराव्यात. आणि हे जे काही आहे, ते धोंडबा आत्ता नाग नदीत टाकून येईल." टाळ्या तेवढ्या राहिल्या.

मी खूप बोलले. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ऐकायला मात्र कोणी थांबलं नाही. चटणी, दही, गूळ जसे आले तसे परत गेले.

दिवस कलला तेव्हा मी भांडी बांधत होते. खिडकीतल्या चिंध्या काढल्या आणि समोर पाहिलं. त्यांच्या मागच्या पडवीत, पाटावर, तो तुकडा होता. विश्वनाथ सुरीनं कापत होता. सिंधूताई एका हातानं नाकाला पदर लावून दुसऱ्या हातानं लिंबू पिळत होत्या. गोपाळरावांनी एक काप उचलला, तोंडात टाकला, डोळे मिटून बराच वेळ चावला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले. आणि दुसरा काप घेतला.

मी मायला सांगितलं. ती म्हणाली, "खाऊ दे. भुकेले असतील." मला हसावं की भांडं फेकून मारावं ते कळेना.

सकाळी कवडू हातठेला घेऊन आला. मी दोन्ही खोल्या झाडल्या, पुसल्या. दुसऱ्याची जागा सोडताना साफ करून द्यायची, ही मायची शिस्त. सामान ते किती? ट्रंक, भांडी, खाट, बाबासाहेबांचा फोटो. गादीवर मायला बसवलं. तेवढ्यात भटजी आले. हातात गोमूत्राचा तांब्या आणि आंब्याची डहाळी. मागं भैय्याजी आणि गल्लीतली माणसं, कालचीच, आता चटणीवाचून. भटजी माझ्या नुकत्याच पुसलेल्या जमिनीवर मंत्र म्हणत गोमूत्र शिंपडू लागले. जिथं इतकी वर्षं मासळीचा काटा पडला नव्हता, त्या खोल्यांची शुद्धी चालली होती. गोपाळराव हात जोडून उभे होते.

माय ठेल्यावरून माझ्या कानाशी म्हणाली, "शिंपडू दे. पन त्यायले सांग, जिथं खाल्लं तिथं बी जरासं शिंपडा म्हना."

ती नुसती बोलून गेली होती. पण मला ते पटलं. मी खोलीत गेले आणि भटजींच्या हातून तांब्या घेतला. ते इतके गडबडले की त्यांनी डहाळीही देऊन टाकली. मी अंगण ओलांडलं, पडवी चढले, तिथं त्या पाटावर शिंपडलं, आणि उंबरा ओलांडून थेट आत गेले.

"अगं, अगं, आत कुठं!" सिंधूताई किंचाळल्या. "पाय! तिचे पाय!"

स्वयंपाकघर मी पहिल्यांदाच पाहत होते. चांगलं मोठं होतं, ओट्याला पांढऱ्या फरश्या. मी फरशीवर शिंपडलं, जेवणाच्या टेबलावर शिंपडलं, गॅसच्या शेगडीवर शिंपडलं. भैय्याजी मला धरायला धावत दारापर्यंत आले. त्यांच्या मागं गोपाळराव. मी फ्रिज उघडला. गल्लीतला तो एकुलता एक फ्रिज, त्याचं त्यांना भारी कौतुक. दुधाच्या पातेल्याखाली एक परात होती, वर ताट झाकलेलं. मी ताट काढलं. नाग नदीत वाहून गेलेला सीना तिथं अर्धा शिल्लक होता, लिंबाच्या फोडींसकट. त्याच्यावरही मी दोन थेंब टाकले.

भैय्याजींनी परातीकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग गोपाळरावांकडे पाहिलं. गोपाळराव छताकडे पाहत होते.

"पाहून घ्या, भैय्याजी," मी म्हटलं. "माझ्या कार्यक्रमाचं जेवण यांच्या फ्रिजमध्ये कसं आलं ते विचारा."

भैय्याजींनी विचारलं नाही. मी तांब्या परत भटजींच्या हातात दिला आणि ठेल्यामागं चालायला लागले. मला इतकं बरं वाटत होतं की इंदोरा येईपर्यंत मी कवडूला तेच तेच पुन्हा सांगत होते. आता गल्लीत यांची अब्रू गेली. आता बघू भाषणात काय सांगतात.

कवडूच्या बायकोनं मायला पाहिलं आणि कोणी न सांगता चूल उचलून अंगणात नेली. थंडीत कुडकुडत तिनं सगळा महिना बाहेर स्वयंपाक केला. मायचा डोळा वाचला.

दिवस गेले आणि एकदा धोंडबा आमची विसरलेली बादली घेऊन आला. मायनं त्याला चहा दिला. मी अगदी वाट पाहत असल्यासारखं विचारलं, "मग काय म्हणते गल्ली? गोपाळरावांशी कोणी बोलते का नाही?"

"काहून बोलनार नाही?" धोंडबा म्हणाला. "तुमी गेल्या त्याच दुपारी भटजीले पुन्हा बलावलं. सारं सयपाकघर धुतलं. भांडे विस्तवातून काढले. मोठी शुद्धी केली."

"बरं झालं," मी म्हटलं. "आणि फ्रिजमधलं ते फेकलं ना?"

धोंडबानं चहाचा कप खाली ठेवला. "नाही बा. ते संध्याकाळी खाल्लं. भैय्याजी बी होते जेवाले. ह्या टायमाले मीठ बराबर होतं म्हनत होते."

"मग शुद्धी कशाची केली?"

धोंडबा बादलीकडे पाहत राहिला. "तुमी चुलीपाशी गेल्या होत्या न, बाई," तो म्हणाला.